पोरीचा मित्र दिवाळीत मुक्कामाला येतो म्हणते, येऊ द्यावं का?

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी २५ वर्षांची, पुण्याला नोकरी करते. तिनं फोनवर सांगितलं की दोन वर्षांपासून एका मुलासोबत आहे, लग्नाचं पक्कं नाही पण विचार आहे, आणि दिवाळीत त्याला दोन रात्रींसाठी गावी आणायचंय. मुलगा आपल्या जातीतला नाही. घरात सासूबाई आहेत आणि बारावीतला धाकटा मुलगा आहे, त्यालाही कोणी मैत्रीण आहे असं कानावर आलंय, तर मोठीला हो म्हटलं की उद्या तोही मागणार ही भीती. आणि मुलीचा बाप म्हणते का, "आधी साक्षगंध करा, मंग मुक्काम."

ताई, मी या भागात कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते आणि हा प्रश्न आता दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात येतो, कारण गावोगावची पोरं-पोरी पुण्याला, नागपूरला, हैदराबादला कामाला आहेत आणि त्यांचं आयुष्य तिकडे सुरू झालंय. म्हणून माझं मत सरळ सांगून टाकते. मोठीच्या मित्राला येऊ द्या, राहू द्या, झोपायची सोय वेगळी करा आणि ते यायच्या आधीच सांगा. धाकट्याला रात्रीच्या मुक्कामाची परवानगी देऊ नका. मोठी २५ची सज्ञान बाई आहे आणि तो १७चा आहे, त्यामुळे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्याला लावायचं नाही.

आधी मोठीचं बघू. पुण्याहून तुमच्या गावी येणारा माणूस सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊच शकत नाही हे लक्षात घ्या. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसायचं, यवतमाळला उतरायचं, मग एसटी नाहीतर काळीपिवळी, आणि संध्याकाळची गाडी गेली की गावातून बाहेर पडायला साधन नाही. म्हणजे "येऊ दे पण राहू नको" म्हणणं म्हणजे "येऊच नको" म्हणणं झालं. आणि तालुक्याच्या लॉजवर ठेवा असंही काहीजण सुचवतात, ते तर अजिबात करू नका. सज्ञान अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये असा काही कायदा नाही, पण आपल्याकडे लॉजवाला ओळखीचा, रिक्षावाला ओळखीचा, दोन तासांत गोष्ट तिखटमीठ लावून गावात पोचते, आणि जी गोष्ट तुमच्या ओसरीत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडली असती ती चोरीची वाटायला लागते.

दुसरं म्हणजे मुक्काम म्हटलं की आईबापांच्या डोक्यात लगेच एकच चित्र येतं, बंद खोली. पण मुलीला विचारलंय का कोणी की तिला काय पाहिजे? मी ज्या मुलींशी बोलते त्यातल्या बऱ्याच जणींच्या मनात एका खोलीचा विषयच नसतो, त्यांना पाहिजे असतं की आईनं त्याला एकदा बघावं, बाबानं त्याच्यासोबत वावरात चक्कर मारावी, आजीनं दोन शब्द बोलावे. आणि आपली घरं कशी आहेत सांगा बरं, माजघरात आजी, आई, पोरी ओळीनं अंथरुणं घालून झोपतात, बाहेर छपरीत बाजेवर बाप नाहीतर आजोबा, सणाला पाहुणे आले की आतेभाऊ मामेभाऊ सगळे गच्चीवर. या घरात पाहुण्या पोराची बाज छपरीत धाकट्याच्या बाजूला पडली तर त्यात अवघड असं काहीच नाही.

तिनं एकच खोली मागितली तर? तर स्पष्ट सांगा, न चिडता, की बाई तू पुण्याला कशी राहतेस तो तुझा निर्णय, तू मोठी आहेस, पण या घरात आजी आहे, एकत्र घर आहे, इथे लग्नाआधी वेगळं झोपायचं, हा घराचा नियम आहे आणि उद्या तुझ्या भावानं २५व्या वर्षी कोणाला आणलं तरी हाच राहील. पोरी हे ऐकून घेतात. त्यांना लागतं ते नियमामागचं "तू बिघडलीस" हे वाक्य, नियम नाही लागत.

कायद्याचं म्हणाल तर दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय सोबत राहणं हा गुन्हा नाही, हे सुप्रीम कोर्टानं खुशबू प्रकरणात २०१० ला स्पष्ट केलंय, आणि सज्ञान मुलीनं कोणासोबत राहायचं हे तिचं ती ठरवणार हे २०१८ च्या हादिया प्रकरणात परत सांगितलंय. म्हणजे तुम्ही परवानगी द्या न द्या, तिच्या नात्यावर तुमचा कायदेशीर ताबा नाही. घर तुमचं आहे, तेवढंच तुमच्या हातात आहे, आणि ते घर तिच्यासाठी उघडं ठेवायचं का हाच खरा निर्णय आहे.

हे मी इतक्या जोरानं का सांगते ते ऐका. माझ्याकडे ज्या मुली सगळ्यात वाईट अवस्थेत येतात त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते, की घरी काही माहीतच नव्हतं. ओळख बदलून एक सांगते. एका मुलीचे खाजगी फोटो मुलानं स्वतःकडे ठेवले आणि नातं तुटल्यावर पैसे मागायला लागला. तिनं कानातले विकले, मैत्रिणीकडून उधार घेतले, महिनोन्महिने देत राहिली, पण बापाला सांगितलं नाही, कारण बाप एकदा बोलून गेला होता की असलं काही केलंस तर या घराचं दार बंद समज. तिला त्या पोरापेक्षा त्या वाक्याची भीती जास्त होती आणि पोराला हे पक्कं माहीत होतं, त्याचा सगळा धंदा त्याच्यावरच चालला होता. शेवटी मावशीला सांगितलं, सायबर पोलिसांत तक्रार झाली आणि मग ते थांबलं. तुमच्या मुलीनं तर स्वतःहून फोन करून सांगितलंय ताई! तिचा तुमच्यावर विश्वास आहे, आणि आज तुम्ही काय बोलता त्यावर पुढच्या अडचणीत ती तुम्हाला फोन करेल की नाही हे ठरणार आहे. माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रश्नात सर्वात मौल्यवान गोष्ट ही आहे, बाज कुठे टाकायची ती नंतरची.

आता तिच्या बाबांचं. त्यांच्या म्हणण्यात बापाचं काळीज आहे, ते मी हलकं धरत नाही. पण त्यांना एक विचारा. साक्षगंध झालं, चार गावचे सोयरे जेवून गेले, आणि मग लक्षात आलं की पोरगा संध्याकाळी पितो, नाहीतर पोरीशी तोडून बोलतो, तर ते मोडायची हिंमत होईल का आपली? नाही होत. साक्षगंधानंतर मोडलं तर पोरीला नाव ठेवतात म्हणून कितीतरी बाप मन मारून लग्न लावून देतात आणि मग दोन वर्षांनी पोर परत येते. दोन दिवस घरात राहिलेला माणूस मात्र दिसतो. दिवाळीत तर कापूस वेचणी सुरू असते, सोयाबीनचे पैसे अडकलेले असतात, घरात बायांची गर्दी, लाइट जाते, पाणी भरायचं असतं, या धावपळीत माणूस फार वेळ नाटक करू शकत नाही. वेचणीला आलेल्या बायांशी कसा बोलतो, जेवल्यावर ताट उचलतो का, पोरीचा फोन वाजला की मान वळवून बघतो का, ती बोलत असताना मधेच तिला गप्प करतो का. हे बायोडाटात लिहिलेलं नसतं. पण बघा म्हटलं म्हणजे परीक्षा घेऊ नका, पगार किती, शेती किती, प्लॉट आहे का असं पहिल्याच संध्याकाळी सुरू करू नका. बाबांनी त्याला सोबत घेऊन वावरात जावं, बस एवढंच. पुरुष माणसं बांधावर चालता चालता जे बोलतात ते बैठकीत बोलत नाहीत.

बाबा पोराला फसवणारा समजत असतील तर एक माहिती द्या त्यांना. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ६९ वं कलम आहे, लग्न करायचा इरादाच नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण खरेपणानं जुळलेलं आणि नंतर न जमलेलं नातं हे फसवणूक होत नाही, तो फरक कोर्टं करतात. त्यामुळे "आमच्या घरी राहिलास म्हणजे आता लग्न करावंच लागेल" असं पोराला म्हणू नका. दबावाखाली दिलेल्या होकारावर पोरीचा संसार उभा करायचा नाही आपल्याला.

आणि एक गोष्ट जी आपल्याकडे फार गडबड करते. पाहुणा आला की आपला हात आपोआप कुंकवाच्या करंड्याकडे जातो. जावयासारखा टिळा लावणं, टॉवेल-टोपी देणं, कपडे करणं, हातावर पैसे ठेवणं, यातलं काही करू नका. तुम्ही प्रेमानं कराल पण बघणाऱ्यासाठी ते सोयरीक ठरल्याची दवंडी असते, आणि उद्या त्या दोघांचं नाही जमलं तर पोरीला ते ओझं वाहावं लागतं. लक्ष्मीपूजनाला बसू द्या, जेवायला वाढा, पुडाची वडी करा, आग्रह करा, पण पाहुणा म्हणून. स्टेटसला फोटो टाकू नका, धाकट्यालाही सांगून ठेवा.

सासूबाईंना आधी सांगा, आणि खरं सांगा. "ऑफिसचा मित्र आहे" म्हणून वेळ मारून नेली तर म्हातारी माणसं पहिल्या दिवशीच ओळखतात आणि मग त्यांना राग पोराचा येत नाही, आपल्याला वेड्यात काढलं याचा येतो. तुम्ही म्हणा, आई, तिला हा पोरगा पसंत आहे, ठरलं काहीच नाही, तुम्हीपण बघून घ्या. बघून घ्या म्हटलं की आज्यांना मान मिळतो, आणि मी कितीतरी आज्या बघितल्यात ज्या बापाच्या आधी वळल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळं सांगायची गरज नाही, खोटंही बोलायचं नाही. पुण्याला पोरीसोबत ओळख आहे, दिवाळीला आलाय, आमचा पाहुणा आहे, एवढं बोलून चहा टाका. तुम्ही जितकं चाचरत बोलाल तितके प्रश्न वाढतील.

आता जातीचं बोलते, इथे मला हयगय करायची नाही. तुम्ही आणि बाबा तयार असाल पण काका, चुलतभाऊ, गावातलं एखादं तापट पोट्टं तयार नसेल तर आधी त्याचा अंदाज घ्या. कोणी पूर्वी धमकी दिलीय का, घरात जमिनीचा वाद आहे आणि त्याला निमित्त पाहिजे का, दारू पिऊन अंगावर येणारा कोणी आहे का. असेल, तर त्या पोराला गावात आणू नका, रात्री तर अजिबात नाही. तुम्ही वर्ध्याला नाहीतर नागपूरला जा, तिथे दिवसभर भेटा. हा भित्रेपणा नाही, दोन पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे. जोडीदार निवडण्याच्या हक्काला कोणी आडवं येत असेल तर पोलिसांनी संरक्षण दिलं पाहिजे आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावा असं सुप्रीम कोर्टानं २०१८ ला शक्ती वाहिनीच्या खटल्यात सांगितलंय, तेव्हा धमकी आली तर पोलिस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तातडीचं असेल तर ११२, बाईमाणसाला १८१. आणि फक्त "वाळीत टाकू, कार्यात बोलावणार नाही" अशी भाषा होत असेल तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार करायची वेळ क्वचित येते, पण असा कायदा आहे हे आपल्याला माहीत आहे असं जातपंचांना दिसलं की आवाज खाली येतो हे मी बघितलंय.

मुलगा मुलीला घरी आणतो तेव्हा तर जास्त जपावं लागतं. एक, तिच्या घरी नाहीतर निदान तिच्या बहिणीला, मैत्रिणीला ती कुठे आहे हे माहीत पाहिजे. नाहीतर उद्या तिचे भाऊ पोलिस घेऊन तुमच्या दारात, आणि तीही अडचणीत. तिला आत झोपू द्या, तुमच्याजवळ, आतून कडी लागते अशा खोलीत. न्हाणीघराला नीट दार आहे का बघा, आपल्याला सवय असते पण परक्या मुलीला पडदा लावलेल्या न्हाणीत अंघोळ करायची म्हणजे संकट वाटतं. आणि तिला स्वयंपाकात जुंपून "भाकर येते का" बघू नका, ती सून म्हणून आलेली नाही.

आता धाकटा. १७ वर्षांचा आहे आणि मैत्रीण त्याच्याच वर्गातली असेल तर तीही १८ च्या आतली धरा. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक पोर बालक आहे आणि बालकाच्या "हो" ला कायद्यात किंमत नाही. दोघांची मर्जी होती, प्रेम होतं, हे तिथे चालत नाही. मुलीच्या घरच्यांनी तक्रार केली तर तुमचा मुलगा बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो, आणि १६ ते १८ मधला असेल आणि आरोप गंभीर असेल तर त्याला प्रौढासारखं चालवायचं का याचाही विचार होऊ शकतो. मोठ्या माणसानं माहीत असून लपवलं, जागा दिली, तर तोही अडकू शकतो. त्याला हे सगळं सांगा, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून. बारावीचं पोरगं आहे, समजतं त्याला.

पण नुसतं नाही म्हणून थांबू नका. दिवसा घरी येऊ द्या तिला, दार उघडं, आई घरात, अभ्यास करा, पोहे खा, संध्याकाळच्या आधी आपापल्या घरी. तिच्या आईला माहीत आहे ना हे तिला विचारा. आणि त्याच्याशी शरीराबद्दल, नकार म्हणजे नकार, फोटो मागायचा नाही आणि आला तर पुढे पाठवायचा नाही, याबद्दल बोला. ताईंना हे बोलायला जड जात असेल तर उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी समुपदेशन असतं, चौकशी करा, नाहीतर मामाला सांगा, आपल्याकडे मामा ही फार कामाची जागा आहे.

इंटरनेटवर वाचून कोणी कोणी मला सांगतात की परदेशात तर १६-१७ च्या पोरांना आईबाप घरी रात्र काढू देतात. सगळ्या परदेशात नाही. एमी शालेट नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या कुटुंबांशी बोलून अभ्यास केलाय, त्यात बहुतेक डच आईबाप राहू देतात आणि बहुतेक अमेरिकन आईबाप नाही म्हणतात असं दिसलं. डच घरात ते फुकट मिळत नाही, आधी घरच्यांशी ओळख, गर्भनिरोधाबद्दल मोकळं बोलणं, नातं टिकाऊ आहे का याची खात्री, आणि मागे शाळेतलं शिक्षण आणि ओळखीचा डॉक्टर. कमी वयात आई होण्याचं प्रमाणही तिथे अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे. आपला कायदा वेगळा, घरं वेगळी, त्यामुळे १७ च्या पोरासाठी तो मुक्काम इथे आणता येत नाही. बोलणं मात्र आणता येतं आणि त्याला खोली लागत नाही.

मधलं वय राहिलं, १८ ते २१-२२, अमरावतीला हॉस्टेलला राहून शिकणारी पोरं. कायद्यानं सज्ञान, खर्च बापाचा. इथे मी सरसकट काही सांगत नाही. मैत्री चार महिन्यांची असेल तर दिवसा भेट पुरे. दोन-तीन वर्षं टिकलेलं असेल, दोन्ही घरी माहीत असेल, तर वेगळ्या सोयीनं एक रात्र राहायला हरकत नाही. घरी माहीत नसेल तर आधी ते, मग मुक्काम.

आता ताई, या रविवारी मुलीला फोन करा, ती निवांत असेल तेव्हा. तीन गोष्टी विचारा. त्याच्या घरी तुझ्याबद्दल माहीत आहे का? या भेटीतून तुला काय व्हावं असं वाटतं, ओळख की होकार? आणि तू तिथे सुखात आहेस ना, तो चिडला तर कसा वागतो? तिसऱ्या प्रश्नाला ती थबकली तर दिवाळीपर्यंत थांबू नका, आधी तुम्हीच एकदा पुण्याला जाऊन या. तिन्ही उत्तरं बरी आली तर सोय कशी असेल ते सांगा, छपरीत बाज, ती तुमच्याजवळ, आणि म्हणा ये घेऊन. बाबा तेव्हाही अडून बसले तर जबरदस्ती करू नका, रुसलेल्या बापाच्या घरात पाहुणा ठेवणं त्या पोरालाही जड जाईल. मग भाऊबीज झाल्यावर एक दिवस वर्ध्याला भेट ठरवा, त्या दोघांना गाडीनं तिथवर सोपं पडतं, सगळे मिळून सेवाग्रामला जा, बाबांनाही घेऊन जा, आणि मुक्कामाचं पुढच्या सणाला बघा.